अस्वलाचा माग: नव्या माणसाने रानात काय बघावं आणि कुठून मागे फिरावं

अस्वलाच्या शिकारीची ओढ असलेल्या नव्या माणसाला पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: भारतात अस्वलाची शिकार करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मारणं हाच फक्त गुन्हा असं समजू नका. फास लावणं, सापळा मांडणं, हाका घालून जनावर हुसकावणं, आमिष ठेवणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. ‘आम्ही डुकरासाठी तार लावली होती’ ही सबब चालत नाही. मुळात डुकरासाठी फास लावणंही बेकायदा आहे, आणि तारेच्या फासात कोण अडकणार हे तार ठरवत नाही.

पण जुन्या शिकाऱ्यांची एक विद्या शिकायला आजही मोकळी आहे. ती म्हणजे माग काढणं. कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूरचं रान संस्थानकाळात दरबारी शिकारीसाठी राखलेलं होतं, 1958 साली ते अभयारण्य झालं, आणि आज ते ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे. गव्यासाठी ते प्रसिद्ध असलं तरी अस्वल तिथेही आहे आणि खाली चंदगडच्या रानातही आहे. या पट्ट्यात फिरणाऱ्याला, मग तो हौशी असो की मधाला जाणारा, अस्वलाच्या खुणा वाचता आल्याच पाहिजेत. या विद्येचं यश अस्वल दिसण्यात मोजू नका. ताजी खूण ओळखून वेळेत मागे फिरलेला माणूस माग काढायला शिकला असं समजावं.

जनावर आधी समजून घ्या

आपल्याकडचं अस्वल काळं, झिपऱ्या केसांचं, छातीवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा फिकट पट्टा असलेलं. नर साधारण 80 ते 145 किलो, मादी 55 ते 95 किलो. वाळवी, मुंग्या, मध आणि फळं हे त्याचं मुख्य खाणं. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते हवा ओढून वाळवी शोषून घेतं, आणि हा ‘फुर्र, फुर्र’ आवाज शांत रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो.

नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. त्यातून डोकं वारुळात घातलेलं असलं की तुम्ही वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. बहुतेक हल्ले असे घडतात. ज्या रानात वाघ आहेत तिथे हजारो वर्षं जगताना त्याला पळण्यापेक्षा भिडणं फायद्याचं ठरत आलं. माणसाला खायचं त्याच्या मनात नसतं. पण पंजे आणि दात जातात ते तोंडावर आणि डोक्यावर.

अस्वल मुख्यतः रात्री आणि पहाटे-संध्याकाळी फिरतं, दिवसा कपारीत, दगडांच्या घळीत किंवा दाट जाळीत पडून राहतं. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पिल्लं असलेली मादी दुसरी अस्वलं आणि बिबट्या टाळायला दिवसाउजेडीही बाहेर पडते. पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, दोन महिन्यांनी गुहेबाहेर येतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. म्हणजे फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत भरदुपारी अस्वल दिसलं तर ती पिल्लांची आई आहे असंच धरून चाला.

परवानगी आणि सोबत

अभयारण्यात वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क भरूनच जायचं. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. नाक्यावर स्थानिक वाटाड्या मिळतो. त्याचे पैसे वाचवू नका. धनगरवाड्यावरच्या एखाद्या जाणत्या मामांना कुठल्या झाडाला फळ लागलंय आणि कुठली घळ टाळायची हे ठाऊक असतं, ते नकाशात सापडत नाही. अभयारण्याबाहेरचं राखीव वनही मोकळं कुरण नाही, तिथेही वनखात्याला विचारूनच जायचं.

तिघे-चौघे मिळून जा. सूर्य वर आल्यावर निघा आणि अंधाराच्या दोन तास आधी बाहेर या. कुत्रं नेऊ नका. ते अस्वलाला भुंकून उठवतं आणि घाबरलं की धावत मालकाकडे येतं, मागोमाग अस्वल. बंदूक तर नाहीच, कोयताही घरी ठेवा. सोबत घ्यायचं ते असं: खांद्याएवढी काठी, पाठीवरची पिशवी, तीन मीटरची टेप, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही-पेन्सिल, शिट्टी, पाणी, साबणाची वडी आणि स्वच्छ सुती कापड. दाजीपूरच्या आत बराच भाग फोनच्या रेंजबाहेर आहे, त्यामुळे कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून जा.

पावलाचा ठसा

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, ठसा उमटत नाही. शोधायचा तो पाणवठ्याच्या काठावर, ओढ्याच्या गाळात, गाडीवाटेच्या मऊ मातीत. पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यासाठी उत्तम.

पुढच्या पायाचा ठसा रुंद आणि आखूड असतो. पाचही बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत येतात, आणि बोटांच्या पुढे बऱ्याच अंतरावर नखांची पाच टोकं रुततात, कारण पुढची नखं सहा ते आठ सेंटिमीटर लांब असतात आणि आत ओढली जात नाहीत. बिबट्याच्या ठशात चार बोटं दिसतात आणि नखं दिसत नाहीत. तिथे घोळ होण्याचं कारण नाही.

घोळ होतो तो मागच्या पायाशी. तो लांबट, वीतभर, टाचेसकट उमटतो आणि लांबून अनवाणी माणसाचा वाटतो. अशा वेळी खाली बसून मोठं बोट कुठल्या बाजूला आहे ते बघा. माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचं सगळ्यात लहान बोट आतल्या बाजूला आणि मोठं बाहेर. म्हणून अस्वलाचा उजवा पाय माणसाच्या डाव्या पावलासारखा दिसतो. गाळात ठसा पसरला आणि नखं बुजली तरी ही खूण टिकते.

फोटो काढताना पट्टी ठशाशेजारी सपाट ठेवा आणि मोबाइल बरोबर वरून धरा. तिरक्या फोटोवरून मापं काढली की ती चुकतात. एकाच पायाचे लागोपाठ तीन-चार ठसे मोजा, एकट्या ठशावर विश्वास ठेवू नका. घसरलेला पाय मोठ्या जनावराचा वाटतो.

ठशाचा साचा घ्यायचा असेल तर रानात नाही, गावाकडच्या शेतात, मालकाला विचारून घ्या. एका मागच्या पावलाला एक किलो प्लास्टर ऑफ पॅरिस आणि सुमारे 600 मिलि पाणी पुरतं. ठशाभोवती पाच सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी रोवा. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा (प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात), हळू ढवळा, आणि ठशाच्या कडेला चमचा धरून त्यावरून ओघळू द्या. थेट वरून ओतलं तर नखांच्या खुणा ढासळतात, आणि बघण्यासारखं तेच असतं. अर्ध्या तासाने उचला, माती मात्र दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने काढा.

उकरलेलं वारूळ

आपल्या रानात सगळ्यात जास्त माहिती देणारी खूण हीच. अस्वल वारुळाच्या बुंध्याशी किंवा कुशीत नरसाळ्यासारखं, आत निमुळतं होत जाणारं भगदाड पाडतं. माती एकाच बाजूला, मागच्या पायांमधून फेकलेली असते आणि भगदाडाच्या भिंतीवर नखांचे समांतर ओरखडे असतात. रानडुकराचं काम वेगळं: ते नाकाने जमीन उथळ आणि ऐसपैस उलथतं. खवले मांजरही वाळवीसाठी खणतं, पण त्याचं भोक लहान आणि गोल असतं.

आता त्या भगदाडात, हात न घालता, नीट बघा. वाळवीला उघडं पडणं सहन होत नाही. वारूळ फुटताच शिपाई वाळव्या तोंडाशी येतात आणि कामकरी ओल्या मातीच्या गोळ्यांनी फाटलेल्या पोकळ्या बुजवायला लागतात. पोकळ्या अजून उघड्या आहेत आणि वाळवी सैरावैरा धावतेय, तर अस्वल नुकतंच इथून गेलंय किंवा गेलेलंच नाही. कडेला ओल्या, गडद मातीचा नवा पापुद्रा धरलाय, तर काही तास झाले. पोकळ्या पक्क्या बुजल्या, बाहेरची माती फिकी पडली, भगदाडात कोळ्याने जाळं विणलं, तर काही दिवस. पहिल्या प्रकारात फोटोलाही थांबू नका. आल्या वाटेने मागे फिरा.

विष्ठा आणि झाडं

अस्वलाची विष्ठा मोसम सांगते. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि पुढे जांभळं पिकली की ती बियांनी भरलेली, सैल ढीग असते. उंबराचे बारीक दाणे, बहाव्याच्या चपट्या बिया, फणसाच्या आठळ्या ओळखू येतात. वाळवी-मुंग्या खाल्ल्या असतील तर ती गडद, मातकट, आणि काडीने उकलल्यावर आत किड्यांची चकचकीत डोकी. उदमांजराच्या विष्ठेतही बिया असतात, पण ती बोटाएवढी जाड आणि बहुधा दगडावर. काडीनेच बघा, हात लावू नका, घरीही आणू नका.

मधाचं पोळं किंवा पिकलेलं फळ असलेल्या झाडावर बुंध्यापासून वर चढत गेलेले नखांचे ओरखडे दिसतात. बिबट्या नखं घासतो ते एका ठरावीक उंचीपर्यंतच. ओरखड्यातून चीक अजून ओघळत असेल तर खूण ताजी.

चालायचं कसं

वाऱ्याकडे पाठ असेल तर तुमचा वास पुढे जातो, ते चांगलं. समोरून वारा येत असेल, ओढा खळाळत असेल, वाट करवंदीच्या जाळीतून वळत असेल, तर मोठ्याने बोला, काठी दगडावर आपटा. चितळ-हरणं बघायला गेल्यासारखं चोरपावलांनी चालणं इथे घातक आहे. कपारीत, घळीत डोकावू नका, टॉर्च मारून तर मुळीच नाही.

समोर आलंच तर

अस्वल लांब आहे आणि त्याने पाहिलेलं नाही, तर गप्प मागे सरका. त्याने पाहिलं असेल तर थांबा, सगळे एकत्र या, सावकाश खालच्या आवाजात बोलत मागे हटा. मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्लाच आला असं नाही, बऱ्याचदा ते वास घेत असतं. मादी आणि पिल्लं यांच्या मधे सापडू नका. पळू नका, ते तुमच्यापेक्षा वेगाने पळतं. झाडावर चढू नका, तेही चढतं. धावत येऊन अर्ध्यात थांबलं तर काठी पुढे धरून मागे हटत राहा.

अंगावर पडलंच तर पालथे पडा. पोट जमिनीला, बोटं गुंफून मानेवर, कोपरांनी चेहऱ्याच्या बाजू झाकलेल्या, पाय फाकवलेले म्हणजे ते उलथवू शकत नाही. पाठीवरची पिशवी तशीच राहू द्या. ओरडू नका, झुंजू नका. धोका संपला असं वाटलं की ते सोडून जातं. गेल्यावरही काही मिनिटं हलू नका. लगेच उठणाऱ्यावर ते परत येतं.

जखमेतून रक्त उसळत असेल तर आधी कापड घट्ट दाबून धरा. रक्त आटोक्यात आलं की साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस आणि खोल जखमेत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. चेहऱ्याची किंवा डोक्याची जखम असेल तर प्रथमोपचारानंतर कोल्हापूरला सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात हलवायला उशीर करू नका. त्याच दिवशी वनखात्याला कळवा, टोल-फ्री क्रमांक 1926. पंचनामा झाल्याशिवाय नुकसानभरपाई मिळत नाही.

रानात तारेचा फास, पुरलेला गावठी बॉम्ब किंवा फासात अडकलेलं अस्वल दिसलं तर सोडवायला जाऊ नका. जागेची खूण लक्षात ठेवा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, लांब व्हा आणि रेंज आली की 1926 लावा.