गाडीचा रंग: कुठे स्वतः हात घालावा, कुठे पेंटरकडे द्यावे

पार्किंगच्या खांबाला बंपर घासला की गॅरेजवाला एका पॅनेलचे अडीच-तीन हजार सांगतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच्या दुपटीपर्यंतही आकडा जातो. स्प्रेचा डबा मात्र काही शे रुपयांत मिळतो, आणि इथेच हिशेब फसतो. रंगाच्या डब्याबरोबर प्रायमर (रंगाखालचा थर), क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), पॉलिश पेपर, टेप आणि कंपाउंड घ्यावेच लागते. बिघडलेला रंग पुन्हा उतरवायचा झाला, तर पेंटर त्याचे वेगळे पैसे घेतो.

आधी ओरखडा किती खोल गेलाय ते बघा. गाडी धुवा आणि ओरखड्यावर पाणी ओता. ओला असताना तो दिसेनासा झाला, तर तो फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे. रबिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर फडक्याने भागेल, रंगाचे नावच काढू नका. पण कंपाउंड घासतच बसायचे नसते. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यात क्लिअर ४०-५०. आडवे नख फिरवल्यावर अडकत असेल, तर कंपाउंडने तो पुरता जाणार नाही. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याआधी काम उरका. बंपरवर आतले काळे प्लास्टिक दिसत असेल तर ते गंजत नाही, सवडीने करा.

मग रंग कोणता ते पाहा. मारुतीचा सुपिरियर व्हाइट (रंगाचा कोड २६यू) हा साधा रंग, घरी बऱ्यापैकी जमतो. सिल्की सिल्व्हर (झेड२एस) मेटॅलिक आहे. त्यातले अॅल्युमिनियमचे कण फवाऱ्याचा दाब, अंतर आणि हाताचा वेग यांप्रमाणे आडवे-तिडवे बसतात, म्हणून कोड तोच असूनही छटा वेगळी दिसते. मेटॅलिक गाडीचा दरवाजा, बॉनेट किंवा छत घरी करू नका. बंपरचा खालचा कोपरा मात्र बिनधास्त करा. बंपरची छटा शेजारच्या पत्र्याहून किंचित वेगळी अनेक नव्या गाड्यांतही असते, त्यामुळे नजर तिथे फारशी अडकत नाही.

कोपरा घरी करायचा तर असा. बंपर शाम्पूने धुऊन वाळवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. हे घासण्याच्या आधी करायचे, नाहीतर पेपर वॅक्स आणि ग्रीस ओरखड्यातच कोंबतो. डॅशबोर्ड पॉलिशमधल्या सिलिकॉनचा अंश राहिला की रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला ‘फिश आय’ म्हणतात. ओरखड्याच्या कडा ३२० नंबरच्या पेपरने उतरत्या करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. डोळ्यांपेक्षा बोटाचे ऐका.

खोल खाच असेल तर प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी भरा. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर डब्यावर लिहिल्याइतकाच, सहसा वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ५० ग्रॅमला एक ग्रॅम. ‘लवकर वाळेल’ म्हणून जास्त घातला की तोच रंगाखालून डाग म्हणून वर येतो. पुट्टी सपाट झाली की उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमरचा एकच पातळ हात. हा टाळला तर पुढच्या प्रेशर वॉशमध्ये रंग सालीसारखा निघतो. त्यावर साध्या प्रायमरचे दोन हात, वाळल्यावर ६०० आणि मग ८०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून.

मास्किंग टेप दुरुस्तीला खेटून लावू नका, तिथे कायमची रेघ उमटते. बंपरच्या नैसर्गिक घडीपर्यंत जा आणि टेपची कड उलटी दुमडा. डबा दोन-तीन मिनिटे हलवा. आधी पुठ्ठ्यावर मारून, क्लिअरसकट वाळवून, उन्हात गाडीशेजारी धरा. जुळला तरच पुढे. अंतर २०-२५ सेंटिमीटर, हात सरळ रेषेत, फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू आणि बाहेरच बंद. तीन-चार पातळ हात, मध्ये दहा मिनिटे. एका हातात झाकायची घाई केली की रंग ओघळतो. शेवटी क्लिअरचे दोन-तीन हात. कंपाउंड आठवड्याने, आधी नाही.

जुलैत मुंबई-कोकणात हे करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो.

साध्या डब्यातला क्लिअर पेट्रोलने मऊ पडतो, त्यामुळे टाकीच्या झाकणाजवळ तो उपयोगाचा नाही. हार्डनरवाला टू-के क्लिअर टिकतो, पण त्यातले आयसोसायनेट नावाचे रसायन छातीत गेले की दमा जडू शकतो आणि कापडी मास्क ते अडवत नाही. ते काम रंगकामाची बंदिस्त खोली (बूथ) आणि योग्य श्वसनमास्क असलेल्या पेंटरचे.

पेंटरकडे देताना ‘किती घेणार’ याच्या आधी चार गोष्टी विचारा: क्लिअर टू-के आहे का, हँडल आणि बीडिंग (काचेकडेची पट्टी) काढून रंगवणार की टेप लावून, मेटॅलिक असेल तर शेजारच्या पॅनेलवर ब्लेंड करणार का (म्हणजे छटा हळूहळू विरवणार का), आणि काम बंदिस्त जागेत होणार का. टेप लावून रंगवलेल्या हँडलच्या कडेलाच रंग आधी सुटतो. हँडल, आरसे, दिवे स्वतः काढून दिलेत तर मजुरीत घासाघीस करता येते. पण घासण्याचे काम त्याच्यावरच सोडा. दुसऱ्याच्या तयारीवर मारलेल्या रंगाची हमी कोणी देत नाही.

विम्यातून करायचे म्हणाल, तर आधी गणित मांडा. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट असते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशी चढते. ५० टक्क्यांच्या तुलनेत पाच वर्षांत गेलेली सूट ५०, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२५ टक्के. तो प्रीमियम दरवर्षी ८,००० धरला तर १०,००० रुपये गेले. गाडीची किंमत घटेल तसा आकडा थोडा उतरेल, पण एका बंपरसाठी सौदा तोट्याचाच. सूट राखणारे अॅड-ऑन असेल किंवा तीन-चार पॅनेल गेली असतील, तर गोष्ट निराळी.

आणि रंगच बदलायचा मनात असेल तर डबा उघडण्याआधी आरटीओत चौकशी करा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो.