मुलींची टीम घेऊन दोन दिवसांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेला जायचंय?

शाळेची मुलींची टीम घेऊन पहिल्यांदा बाहेरगावी निघालेल्या पीटीच्या सरांसाठी लिहितेय, आणि "बाई, लेडीज टीचर पाहिजे सोबत, चला" म्हणून शुक्रवारी दुपारी पकडून नेलेल्या गणिताच्या बाईंसाठी तर खास. मीपण तशीच पकडली गेलेली, फक्त नंतर कुणी सोडलं नाही. नववी-दहावीच्या मुली, शनिवार-रविवार कुठल्यातरी मंडळाचा चषक, मुरमाचं ग्राउंड, फक्कीने आखलेलं कोर्ट, असं धरून चालतेय.

पहिलं हे डोक्यात घ्या की दोन दिवसात चार-पाच मॅच झाल्या तरी खेळणं सगळं मिळून तीन-चार तासांचं, बाकी नुसतं थांबणं. पत्रिकेत सकाळी ९ लिहिलेलं असतं, पाहुणे येतात साडेअकराला, मग नारळ, मग भाषण, मग पाहुण्यांनी एक सर्व्हिस मारायची (ती नेटमध्ये जाते, सगळे टाळ्या वाजवतात), आणि तुमची मॅच असते चौथी. मुली पहाटे उठून चहा-बिस्किटावर आलेल्या. आम्ही हरलेल्या मॅच आठवून बघितल्या तर निम्म्या या थांबण्यातच घालवल्यात.

कागदपत्रांचं पटकन सांगते. फोटोवाला बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, जनरल रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची यादी, पालकांची संमतीपत्रं, सगळ्याचे दोन सेट. वयावरून ऑब्जेक्शन येतंच, त्यातून तुमच्याकडे एखादी उंच मुलगी असेल तर नक्कीच येतं. आणि दहावीच्या मुलींच्या पालकांना आधीच सांगून टाका की सवलतीचे गुण क्रीडा खात्याच्या मान्यतेच्या स्पर्धांचे असतात, मंडळाच्या चषकाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला छान दिसतं तेवढंच.

ग्राउंडवर उतरल्यावर सगळ्यात आधी दोन गोष्टी बघायच्या, नेट आणि संडास. नेट कारण आदल्या दिवशी तिथे पोरांच्या मॅच झालेल्या असतात आणि नेट २.४३ वरच राहिलेलं असतं, मुलींचं २.२४ मीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर खाली. मुली दोन सेट भर नेटमध्ये स्मॅश मारतात आणि आपण ओरडत बसतो की उडी मारा उडी मारा. मी एका बांबूच्या काठीला २.२४ वर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, कोर्टाच्या मधोमध नेटला लावून बघायची, मग दोन्ही साईडलाइनवर, तिथे दोन्हीकडे सारखी पाहिजे आणि मधल्यापेक्षा फार तर २ सेंटीमीटर जास्त चालते. काठी घेऊन गेलं की पंचपण जरा नीट बोलतात. चौदा वर्षाखालचा गट असेल तर उंची आयोजकांना विचारून घ्या.

आता संडास. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सविस्तर सांगते. ग्राउंडवर एकतर सोय नसते नाहीतर असून आत जाववत नाही, मग मुली काय करतात, पाणीच पीत नाहीत. सकाळपासून दोन घोट. दुपारी तीनच्या उन्हात तिसऱ्या मॅचला पोटऱ्या धरून खाली बसतात आणि सगळे म्हणतात स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो हो, पाणी नसतं पोटात. एका वर्षी आमची लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) सेमीफायनलला दुसऱ्या सेटमध्ये अशीच बसली, नंतर विचारलं तर म्हणाली, "बाई, मी सकाळपासून गेलेच नाही." तेव्हापासून मी पोचल्या पोचल्या ग्राउंडशेजारचं पहिलं बरं घर बघते आणि सरळ जाऊन सांगते, काकू, बारा मुली आहेत, दोन दिवस तुमचं बाथरूम वापरू का. आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही, उलट एका काकूंनी कांदेपोहे केले होते. शेजारी शाळा किंवा अंगणवाडी असेल तर चावी मागा. सोबत साबण, जुने पेपर आणि पॅडचं एक मोठं पाकीट तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठंय हे सगळ्या मुलींना आधीच सांगून ठेवा म्हणजे सरांसमोर विचारायची वेळ येत नाही. किट शिवताना शॉर्ट गडद रंगाची शिवा, पांढरी नको. हे शिंप्याला सांगायला कुणाला लाज वाटत असेल तर मला फोन लावून द्या.

खाण्याचं साधं आहे. पोळी-भाजी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. मॅचच्या आधीच्या दोन तासात वडापाव नाही, कितीही चांगला वास येऊ दे. जिंकल्यावर वडापाव. मुलींना हा व्यवहार मान्य असतो.

थांबण्याच्या वेळात टीमला ऊन लागेल असं कोर्टाच्या कडेला बसवून दुसऱ्यांच्या मॅच बघायला लावू नका, सगळेच तसं करतात. झाडाखाली सतरंजी टाका, बूट काढायला लावा, दोघींना फक्त स्कोअर बघायला पाठवा. आपल्या आधीच्या मॅचचा दुसरा सेट १५ पर्यंत गेला की सगळ्यांना उठवायचं, बूट, नी कॅप, वॉर्म अप. दोन्ही सेट एकाच टीमने घेतले तर मॅच तिथेच संपते, पुढच्या दहा-पंधरा मिनिटात तुमचं नाव पुकारतात आणि हजर नसलात तर वॉकओव्हर.

नेटवरचा वॉर्म अप पाचेक मिनिटं मिळतो आणि मुलींना तेवढ्यात सगळे स्मॅश मारायचे असतात कारण पोरं बघत असतात. तुम्ही सर्व्हिस आणि रिसीव्ह करायला लावा. या लेव्हलला मुलींच्या मॅचमध्ये पॉईंट स्मॅशवर कमी आणि सर्व्हिसवर जास्त जातात, बिनचूक अंडरहँड सर्व्हिस टाकणारी मुलगी पाच-सहा पॉईंट सलग काढून देते आणि टॉप (डोक्यावरून मारायच्या) सर्व्हिसच्या नादात निम्म्या नेटमध्ये घालणारी तेवढेच देऊन येते. आम्ही खेळायचो तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच पॉईंट, त्यामुळे सर्व्हिस चुकली तर चुकली, आता प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाला) पॉईंट आहे, ती चैन राहिली नाही.

लाइनअप स्लिप. इथे मी एक सेट घालवलाय म्हणून नीट वाचा. सेट सुरू व्हायच्या आधी कोण कुठल्या जागेवर ते नंबरने लिहून द्यायचं असतं. १ म्हणजे मागे उजवीकडे, सर्व्हिस करणारी, मग २, ३, ४ पुढची लाइन उजवीकडून डावीकडे, ५ मागे डावीकडे, ६ मागे मध्ये. फिरायचं घड्याळाच्या काट्यासारखं, म्हणजे २ वाली १ वर येते आणि सर्व्हिस करते. आमच्या दोन लिफ्टर समोरासमोर असतात, एक १ वर, दुसरी ४ वर, म्हणजे कसंही फिरलं तरी एक लिफ्टर पुढे राहतेच. मी बोलत बोलत स्लिप भरली आणि ४ वरची ७ नंबरची लिफ्टर अन् ३ वरची ११ नंबरची अटॅकर यांची अदलाबदल केली. पंचांनी स्लिप हातात घेऊन मुली मोजल्या, म्हणाले उभ्या आहेत तशा लिहिलेल्या नाहीत, स्लिपप्रमाणे उभ्या करा. पेनल्टी नाही, पण स्लिप बदलतही नाही. मग काय, एका रोटेशनला दोन्ही लिफ्टर पुढे आणि एका रोटेशनला दोन्ही मागे, मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत, आणि सेट गेला. आता मी मुलींना आधी कोर्टावर उभं करते, बोटाने मोजत लिहिते आणि कॅप्टनकडून वाचून घेते. सही करताना कुणाशीही बोलत नाही, मंडळाच्या अध्यक्षांशीसुद्धा.

बदलीचं पण डोक्यात ठेवा, एका सेटला सहाच, आणि सुरुवातीच्या सहामधली बाहेर गेलेली एकदाच परत येऊ शकते, तेपण स्वतःच्याच जागी. लिबेरो (फक्त मागच्या लाइनला बॉल वाचवायला खेळणारी) वेगळी, तिचा टीशर्ट वेगळ्या रंगाचा लागतो आणि ती मागच्या लाइनला रॅली संपली की आत-बाहेर करू शकते, ते सहामध्ये मोजत नाहीत. वेगळा टीशर्ट नेला नाही म्हणून लिबेरोशिवाय खेळलेल्या टीम मी बघितल्यात. टाइम आऊट सेटला दोन, तीस-तीस सेकंदाचे, त्यात एकच गोष्ट सांगून होते, "सहा नंबरच्या टीशर्टवालीवर टाका, तिला रिसीव्ह जमत नाही." बास. बाकीचं आई-बाबांचं लेक्चर रात्री.

लागलं तर. बोट मुरगळतंच, आणि कडेला उभा असलेला कुणीतरी अनुभवी माणूस येऊन ते ओढून बसवायला बघतो. त्याला हात लावू देऊ नका. बर्फ लावा, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधा, वाकडं दिसत असेल किंवा सूज चढत असेल तर खेळ बंद आणि एक्सरे. घोटा मुरगळला तरी बर्फच, गोळ्याच्या गाडीवर मिळतो, पिशवीत घालून रुमालातून लावायचा, आणि क्रेप बँडेज. गुडघे तर सोलतातच, त्याला स्वच्छ पाणी आणि डेटॉल.

कडेचे प्रेक्षक नियम जुने सांगतात, त्यावरून मुली गडबडतात, म्हणून आदल्या दिवशी तीन गोष्टी घोकून घ्या: सर्व्हिस नेटला लागून पलीकडे गेली तर चालते, बॉल लाइनवर पडला तर आत, आणि बॉल पायाला लागला तरी चालतो. पंचांशी बोलायचं ते कॅप्टनने.

बाराव्या मुलीला पहिल्या दिवशीच खेळवा, लीगमधल्या सोप्या मॅचला, अगदी दोन सर्व्हिससाठी का होईना. तिच्या घरून डबा, किट, गाडीभाडं सगळ्यांइतकंच आलेलं असतं. घरी जाऊन ती काय सांगणार, मी सतरंजी राखली?

रविवारी बक्षीस समारंभ सहाचा असतो, होतो आठला. निघायची वेळ पालकांच्या ग्रुपवर आधी टाकू नका, गाडीत बसल्यावर टाका. गाडी येण्या-जाण्याची ठरवूनच न्या, रात्री वडाप (शेअर जीप) मिळेल या भरवशावर बारा मुली घेऊन स्टँडवर उभं राहायची वेळ माझ्यावर एकदा आलीय. ग्राउंड सोडताना आधी मुली मोजा, मग बॉल मोजा, आणि बॉलवर शाळेचं नाव मार्करने लिहिलेलं असेल तरच आपला म्हणून मागा, नाहीतर चांगला जातो आणि पिचका येतो. बॉलचं सोमवारी हेडमास्तर विचारतातच, कप कुठला ते नंतर.