बडोद्यात सायकलची लोखंडी फ्रेम रंगवून घ्यायची तर

सायकल जुनी, फ्रेम दणकट, पण रंगाचे पोपडे सुटलेत आणि खालून गंज डोकावतोय. अशा फ्रेमवर घरच्या घरी स्प्रे मारला की दिवाळीपुरती हौस भागते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. काम टिकायला हवं असेल तर बडोद्यात दोन ठिकाणं आहेत: मकरपुरा जीआयडीसीसारख्या भागातले पावडर कोटिंगवाले, आणि मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग करणारी गॅरेजं. रंगकामात दोघंही तरबेज, पण एकाचा दिवस जाळ्या-रॅकमध्ये जातो आणि दुसऱ्याचा बंपर-दरवाज्यांत. सायकलची फ्रेम त्यांच्या हाती क्वचित येते. म्हणून रंग कोणता हवा यापेक्षा रंग कुठे लागता कामा नये, हे नीट सांगणं जास्त महत्त्वाचं.

आधी फ्रेम रंगवण्याजोगी आहे का ते बघा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कितीतरी सायकली त्यात बुडून राहिल्या. अशा फ्रेमचा गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस बसतो तो खालचा भाग) उघडून फ्रेम उलटी करा आणि लाकडी हातोडीने हलकं ठोका. सुका गाळ, लालसर भुगा पडला तर घाबरायचं कारण नाही. पण बीबीजवळच्या नळीत टोच्या दाबल्यावर पत्रा आत गेला, तर रंगाचे पैसे वाचवा. नळ्यांवरून लोहचुंबकही फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे कुणीतरी पोचा काढण्याऐवजी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असतो.

मग दोरी. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरी बांधा, हेड पाइपला, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीला, वळसा घालून ती दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. ते सारखं हवं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर फ्रेम आधी सरळ करून घ्या. वेल्डिंग, ब्रेझिंग, सुटलेला कॅरिअरचा कान, सगळं रंगाच्या आधीच.

फ्रेम पूर्ण मोकळी करूनच द्या. पेडलच्या दांड्याची कॉटर पिन ठोकून काढताना तिचा नट दोन-तीन आटे चढवून ठेवा, नाहीतर पिनच्या टोकाचे आटे चेपतात. आपल्याकडच्या साध्या सायकलींत चेनच्या बाजूच्या बीबी कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पुढचा पितळी बिल्ला रिव्हेट काढून जपून ठेवा. फ्रेम नंबरचा फोटो काढा, कारण जाड कोटिंगखाली तो पुसट होतो.

पावडर की पीयू, म्हणजे गॅरेजवाल्यांचा पॉलियुरेथेन रंग? रोज वापरायची, बाहेर उभी राहणारी सायकल असेल तर माझं मत पावडरकडे. विजेचा भार दिलेली कोरडी पूड फ्रेमवर चिकटते आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून पक्की होते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, सहज टवके उडत नाहीत. पितळी ब्रेझिंगचे सांधे या उष्णतेने सुटतील ही भीती अनाठायी आहे, पितळ वितळायला याच्या कितीतरी पट तापमान लागतं. लांबी मात्र भट्टीत फुगते. त्यामुळे ज्या फ्रेमला भरणी करावीच लागणार आहे, किंवा जिच्यावर जुन्या धर्तीच्या सोनेरी रेघा आणि स्टिकर क्लिअर कोटखाली हवेत, ती गॅरेजमध्ये द्या: इपॉक्सी प्रायमर, बेस कोट, वर पीयू क्लिअर.

पावडरवाल्याकडे गेलात की पहिला प्रश्न येईल, ‘एक ज नंग छे?’ म्हणजे एकच नग आहे का? एका नंगासाठी गन आणि बूथ धुऊन वेगळा रंग चढवणं त्याला परवडत नाही. तेव्हा सध्या कोणता रंग चालू आहे ते विचारा. काळा, म्हणजे रंगांच्या आरएएल क्रमांकांत ९००५, बहुतेक ठिकाणी चालूच असतो. त्याच घाण्यात तुमची फ्रेम लागून जाते. आरएएल ३००३ सारखा माणकासारखा लाल हवाच असेल तर थांबायची आणि जास्त पैशांची तयारी ठेवा. ग्लॉसी की मॅट, तेही तेव्हाच ठरवा. दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, फर्निचरच्या कामांनी भट्टी भरलेली असते. पावसाळाही टाळा, वाळूच्या माऱ्याने साफ (ब्लास्टिंग) केलेलं उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत लाल पडतं.

जुना रंग कसा काढणार हेही विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ‘सेव्हन टँक’ पद्धत असते, म्हणजे फ्रेम आम्ल आणि फॉस्फेटच्या टाक्यांतून जाते. सपाट पत्र्याला ती उत्तम. पण सायकलच्या नळ्यांत आणि लगच्या (सांध्यावरच्या लोखंडी बाहीच्या) फटींत आम्ल अडकून राहतं आणि नव्या रंगाखालून गंज फुटतो. मी तरी बारीक वाळूचं ब्लास्टिंग, त्याच दिवशी झिंक प्रायमर आणि मग रंग, असंच सांगेन. प्रायमरच्या आधी फ्रेम एकदा नुसतीच भट्टीत फिरवायला सांगा. लगमध्ये मुरलेलं तेल तेव्हाच निघून जातं, नाहीतर ते नंतर बुडबुड्यांच्या खड्ड्यांच्या रूपाने वर येतं.

आता मास्किंग. तोंडी सांगून भागत नाही. जागांवर खडूने फुल्या मारा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि हे सगळं लिहून द्या:

- बीबीचे आटे. टाकाऊ जुने कप ग्रीस पुसून घट्ट बसवून दिलेत तर उत्तम.
- हेड पाइपची दोन्ही तोंडं आणि सीटची नळी, आतून.
- चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) दांड्याचे आटे आणि बेअरिंगची खालची कोन बसते ती जागा.
- चाकाचा नट टेकतो ते खाचेचे दोन्ही चेहरे.
- मडगार्ड-कॅरिअरचे आट्यांचे कान. यांत जुने स्क्रू फिरवून ठेवा.

फ्रेम हुकवर टांगतात, आणि हुक टेकतो तिथे लोखंड उघडं राहतं. तो बीबीच्या आतून घालायला सांगा.

फ्रेम घ्यायला जाताना टॉर्च न्या. नळ्या जिथे अरुंद कोनात भेटतात, म्हणजे बीबीच्या मागे आणि सीटखाली, तिथे पावडर विजेच्या ओढीने बाहेरच्या कडांवरच बसते आणि कोपरा उपाशी राहतो. तिथे राखाडी प्रायमर दिसला तर तिथल्या तिथे परत द्या, घरी नेल्यावर कुणी दाद देत नाही.

पावडर थंड झाली की जोडणी करता येते. पीयूला आठवडाभर तरी द्या, त्याआधी क्लॅम्प आवळले तर ठसे उठतात. जोडण्याआधी नळ्यांतली वाळू झटकून काढा, मग आत उकळलेलं जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि दोन-तीन दिवस वाळवा. आटे अडले तर जबरदस्ती करू नका, मिस्त्रीकडून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या. सीट पिलरला ग्रीस लावूनच घाला. नाव पुन्हा हवं असेल तर जुन्या स्टिकरचा फोटो रेडियमवाल्याला दाखवा. मॅट फ्रेमला पॉलिश लावू नका, चकाकत्या डागांशिवाय हाती काही लागत नाही.