विमानाचा स्टॉल : या चुका टाळा

कोल्हापुरात 'स्टॉल' म्हटले की रंकाळ्याकाठची भेळ आठवते, नाहीतर चढावर बंद पडलेली गाडी. वैमानिक होऊ पाहणारी मुलेही हा दुसरा अर्थ मनात धरूनच वर्गात येतात आणि पहिली चूक तिथेच होते. विमानाच्या स्टॉलमध्ये इंजिने उत्तम चालू असू शकतात. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन, म्हणजेच अँगल ऑफ अटॅक, मर्यादेबाहेर गेल्याने पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमानाला उचलून धरणारा जोर ओसरतो.

नाक वर आहे म्हणजे विमान चढते आहे, हा समज त्याहून घातक आहे. रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे एअरबस ए३३० हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळले, तेव्हा त्याचे नाक बराच काळ क्षितिजाच्या वरच होते. बर्फाने पिटो नळ्या (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळ्या) तुंबल्या, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. एरवी विमान धडधाकट होते. मात्र वैमानिकाने स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढून ते सुमारे ३८,००० फुटांवर नेले. पुढे वेगाची नोंद ६० नॉटच्या खाली गेली, की स्टॉलचा इशारा बंद पडे आणि नाक खाली केले, की पुन्हा वाजू लागे. त्यामुळे योग्य कृतीच चुकीची भासली असावी. त्या अपघातात २२८ जण गेले.

तिसरी चूक म्हणजे आधी पूर्ण पॉवर देणे. पंखाखालच्या इंजिनांचा जोर नाक आणखी वर ढकलतो, आणि फार उंचावर इंजिनांकडे शिल्लक जोर असतोच किती? उंची कमीत कमी गमवा, यावर जुन्या प्रशिक्षणाचा भर होता आणि माझ्या मते या सवयीचे मूळ त्यातच आहे. इशारा किंवा थरथर जाणवताच ऑटोपायलट व ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा) बंद करावा, इशारा थांबेपर्यंत नाक खाली न्यावे आणि गरज पडल्यास ट्रिमही (नाकाचा कल ठरवून ठेवणारी यंत्रणा) वापरावा. त्यानंतरच पंख समतल करून पॉवर जुळवावी व स्पीडब्रेक (वेग कमी करण्यासाठी पंखावर उभारल्या जाणाऱ्या पट्ट्या) मिटवावेत. नाक पुन्हा उचलताना घाई केली, तर दुसरा स्टॉल ओढवतो.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. तेथे उंचीमापक ५,००० दाखवत असला, तरी धावपट्टीच्या वर हाताशी ३,००० फूटच उरतात. तरीही पहिली कृती नाक खाली नेण्याचीच असते.