अमेरिकी सरकारी फॉर्मच्या नूतनीकरणावर हरकती व सूचना कशा पाठवाव्यात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा संघीय सरकारच्या फॉर्मशी पहिला संबंध बहुधा इमिग्रेशनमुळे येतो: वर्क परमिटसाठी आय-७६५, ग्रीन कार्डसाठी आय-४८५, नागरिकत्वासाठी एन-४००. हे फॉर्म किचकट आहेत अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, पण ती जिथे नोंदवायची ती जागा फार थोड्यांना ठाऊक असते. १९८० साली झालेल्या आणि १९९५ मध्ये सुधारलेल्या पेपरवर्क रिडक्शन ॲक्टनुसार, दहा किंवा त्याहून अधिक व्यक्तींकडून एकाच स्वरूपाची माहिती मागविणाऱ्या संघीय खात्याला ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट, म्हणजेच ओएमबी, या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करण्यापूर्वी खात्याला लोकांचे म्हणणे मागवावे लागते. त्यासाठी अमेरिकेचे नागरिक असण्याची अट नाही; व्हिसावर राहणारी व्यक्तीही आपले म्हणणे पाठवू शकते.

प्रथम फॉर्मच्या पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा पाहावा. तेथे ओएमबी क्रमांक आणि मंजुरीची मुदत छापलेली असते. आय-७६५ चा क्रमांक १६१५-००४० आहे. ही मुदत आणि पानाच्या तळाशी असलेली आवृत्तीची तारीख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्ज स्वीकारताना इमिग्रेशन खाते तळाची तारीख पाहते, तर वरच्या तारखेवरून नूतनीकरणाची वेळ कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. त्या सुमारास फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून शोध घ्यावा. खात्याची पहिली सूचना (नोटीस) ६० दिवसांची असते, म्हणजे अभिप्राय पाठविण्यास तेवढी मुदत मिळते. त्यानंतर प्रस्ताव ओएमबीकडे जातो आणि दुसरी, ३० दिवसांची सूचना निघते. आपले म्हणणे कोठे व कोणत्या डॉकेट क्रमांकाखाली (म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइल क्रमांकाखाली) पाठवायचे, हे त्या त्या सूचनेतच दिलेले असते.

अभिप्राय प्रामुख्याने चार बाबींवर मागविलेला असतो: ही माहिती खरोखर आवश्यक आहे का, भरणाऱ्यावर पडणाऱ्या भाराचा अंदाज बरोबर आहे का, माहितीचा दर्जा व स्पष्टता कशी वाढेल, आणि ऑनलाइन साधनांनी किंवा अन्य मार्गाने त्रास कसा कमी होईल. अर्जाच्या शुल्काविषयी येथे लिहून फारसे साधत नाही, कारण इमिग्रेशनचे शुल्क वेगळ्या नियमाने ठरते.

माझ्या मते सामान्य अर्जदाराचा शब्द सर्वांत वजनदार ठरतो तो दुसऱ्या बाबीवर. एक फॉर्म भरायला सरासरी किती वेळ लागतो याचा खात्याचा आकडा सूचनेत छापलेला असतो, आणि तो कसा काढला हे सोबतच्या सपोर्टिंग स्टेटमेंटच्या, म्हणजे खात्याने प्रस्तावाच्या समर्थनार्थ दिलेल्या लेखी निवेदनाच्या, बाराव्या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. कायद्याने या वेळेत केवळ रकाने भरणे येत नाही. फॉर्मसोबतच्या सूचना वाचणे, कागदपत्रे शोधणे, भरलेला अर्ज पुन्हा तपासणे हेही त्यात धरायचे असते. म्हणून अर्ज भरायला बसताना शेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि प्रत्येक कामापुढे मिनिटे लिहावीत. आय-४८५ सोबत मराठी जन्मदाखला जोडायचा असेल, तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र लागते. त्यात गेलेला वेळ आणि पैसे दोन्ही टिपावेत. ‘फॉर्म फार वेळखाऊ आहे’ या वाक्यापेक्षा ‘सूचना वाचण्यास ७० मिनिटे, जुनी कागदपत्रे शोधण्यास १५० मिनिटे’ अशी नोंद खात्याला बाजूला सारणे कठीण जाते.

स्पष्टतेबद्दल लिहिताना भाग व प्रश्नाचा क्रमांक द्यावा आणि बदललेले वाक्यच सुचवावे. आपल्या लोकांना नेहमी अडणारे एक उदाहरण घ्या. भारतीय पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव एवढे दोनच रकाने असतात, त्यामुळे वडिलांचे किंवा पतीचे नाव अनेकदा दिलेल्या नावातच बसते. इमिग्रेशनच्या फॉर्मवर मात्र मधल्या नावाचा स्वतंत्र रकाना असतो. अशा वेळी पासपोर्टप्रमाणे लिहावे की नाव तोडावे, हे सांगणारे एक वाक्य फॉर्मसोबतच्या सूचनांमध्ये घालावे, ही मागणी नेमकी आहे आणि खात्याला सहज अमलात आणता येण्याजोगी आहे.

पाठविलेला मजकूर सर्वांना दिसू शकतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक, ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक), अर्जाचा पावती क्रमांक किंवा मुलांची नावे त्यात मुळीच लिहू नयेत.

दुसरी सूचना निघाल्यावर नवे सपोर्टिंग स्टेटमेंट उघडून आठव्या प्रश्नाखालील उत्तर वाचावे. पहिल्या फेरीत काय अभिप्राय आले आणि त्यावर काय केले, हे खात्याला तेथे नमूद करावे लागते. आपल्या मुद्द्याला उत्तर मिळाले नसेल, तर पहिल्या पत्राची तारीख व डॉकेट क्रमांक देऊन, त्या ३० दिवसांच्या आत तेवढेच थेट ओएमबीला लिहावे.