घरी कार्ट्रिज रिफिल करताय? या चुका टाळा

‘रिफिल केली की कार्ट्रिज खराब होते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर नीट लिहायलाच हवं. रिफिलमुळे कार्ट्रिज सहसा मरत नाही. ती मरते उशिरा रिफिल केल्यामुळे, किंवा रिफिल करताना केलेल्या घाईमुळे. शाई आणि सिरिंज यांचा दोष फार कमी वेळा असतो.

मी इथे मुख्यतः बोलतोय ते एचपीच्या 678, 680, 802, 803 आणि कॅननच्या पीजी-745, सीएल-746, पीजी-47, सीएल-57 या जातीच्या कार्ट्रिजबद्दल. यांचं प्रिंट हेड कार्ट्रिजच्याच तळाशी असतं. म्हणजे शाईची डबी आणि छापणारं यंत्र एकच. म्हणूनच ती महाग, आणि म्हणूनच ती जपायची.

पार कोरडी पडेपर्यंत छापत राहणं

ही चूक सगळ्यात महागाची आणि सगळ्यात जास्त लोक करतात.

या कार्ट्रिजमध्ये प्रत्येक नोझलमागे, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक छिद्रामागे, एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणभर तापतो, समोरच्या शाईचा बुडबुडा होतो आणि त्या दाबानं थेंब कागदावर उडतो. मागून नवी शाई येते आणि हीटरची उष्णताही घेऊन जाते. शाईच नसेल तर हीटर कोरडाच तापतो आणि जळतो. एकदा जळलेला हीटर पुन्हा चालू होत नाही. मग कितीही उत्तम शाई भरा.

आमच्या ओळखीतले एक सर आहेत, शाळेचं छपाईचं सगळं काम घरच्या कॅननवर करणारे. एप्रिल अखेरीस निकालपत्रकं छापायला बसले. स्क्रीनवर शाई संपल्याचा संदेश आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की प्रिंटर पुढे चालतो. हे खरंच आहे, पण बटण दाबल्यानं फक्त शाईची पातळी मोजणं बंद होतं, कार्ट्रिजमध्ये शाई येत नाही. सरांनी बटण दाबलं, अक्षरं फिकट येऊ लागली तेव्हा क्वालिटी ‘हाय’ केली, आणि तरीही पुरेना म्हणून एकेक पान दोनदा छापलं. दुसऱ्या दिवशी ते कार्ट्रिज घेऊन आले तेव्हा ती हातात रिकाम्या काडेपेटीसारखी हलकी लागत होती.

शाई भरली. नोझल टिश्यूवर टेकवली तर काळा पट्टा सलग, एकही तुटक जागा नाही. प्रिंटरमध्ये घातली आणि नोझल चेक (सगळ्या नोझल चालतात का हे दाखवणारं चाचणीचं पान) काढला तर मधोमध पांढरी पट्टी. पुन्हा काढला, पट्टी तिथंच. सर म्हणाले, “अहो, टिश्यूवर तर छान येतेय!” टिश्यूवर येणारच, कारण टिश्यू शाई ओढून घेतो, त्याला हीटर लागत नाही. कागदावर मात्र हीटरनंच उडवावी लागते, आणि त्या पट्टीतले हीटर जळून गेले होते.

ही खूण लक्षात ठेवा. टिश्यूवर पट्टा पूर्ण आणि नोझल चेकमध्ये प्रत्येक वेळी त्याच जागी पोकळी, तर हीटर जळलेत, वेळ घालवू नका. पोकळी दर प्रिंटला जागा बदलत असेल तर आत हवा आहे, ती कार्ट्रिज वाचते. आणि टिश्यूवरच पट्टा तुटक असेल तर नोझल सुकून बुजलीय, तीही बहुधा वाचते.

माझी सवय सांगतो. पहिलं फिकट पान दिसलं की तिथेच थांबायचं, ‘एवढी दोन पानं काढून घेऊ’ हा विचारच करायचा नाही. आणि नवी कार्ट्रिज खोक्यातून काढली, टेप ओढली, की ती आधी छोट्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवायची आणि ग्रॅममधला आकडा परमनंट मार्करनं तिच्या कडेवर लिहायचा. एक मिलिलिटर शाईचं वजन साधारण एक ग्रॅम भरतं. पुढे कधीही कार्ट्रिज काढून वजन करा, किती शाई उरली आणि किती भरायची हे दोन्ही कळतं. रिफिल केल्यावर प्रिंटरवरचा शाईचा अंदाज तसाही निरुपयोगी असतो. चिप जुनीच असल्यामुळे तो ‘रिकामी’च दाखवत राहतो. वजन मात्र खरं बोलतं.

बदाबदा भरणं, आणि वर टेप मारणं

कार्ट्रिज म्हणजे शाईचा रिकामा डबा नाही. आत स्पंज असतो, आणि तो स्पंज शाई धरून ठेवतो म्हणून ती खालच्या नोझलमधून आपोआप गळत नाही. सिरिंज टोचून जोरात दट्ट्या दाबला की शाई स्पंजात मुरत नाही. ती कडेनं खाली उतरते, मधे हवेचे कप्पे अडकतात, आणि वरून शाई बाहेर आली की माणूस म्हणतो ‘भरली’. प्रत्यक्षात अर्धा स्पंज कोरडा असतो आणि खालून ठिबक चालू असते.

सुई स्पंजात खोलवर न्यायची, पण तळाच्या जाळीला टेकू द्यायची नाही. एक मिलि भरायला निदान एक मिनिट घ्यायचं. छोट्या काळ्या कार्ट्रिजला चार मिलिच्या आसपास, रंगीतला प्रत्येक कप्प्यात दीड-दोन मिलि, एवढ्यावर मी थांबतो. काट्यावर मूळ वजन आलं की त्याच्यापुढे एक थेंबही नाही. ‘थोडी जास्त भरली तर जास्त दिवस चालेल’ असं म्हणणाऱ्यांच्या प्रिंटरचं पोट मी शाईनं माखलेलं बघितलंय.

भरून झाल्यावर नोझल खाली करून घडी घातलेल्या टिश्यूवर काही सेकंद टेकवा, उचला, नव्या जागी टेकवा. ठसा स्वच्छ उमटला आणि ठिबक थांबली की कार्ट्रिज तासभर तशीच ठेवा. मी शक्यतो रात्री भरतो आणि सकाळी छापतो. ज्यांना भरल्या भरल्या छापायचं असतं त्यांनी दुकानातून प्रिंट काढून आणावी, स्वस्त पडेल.

आता टेप. लेबल सोलल्यावर जी भोकं दिसतात त्यातून आत हवा जायला हवी. शाई खाली जाते तशी वरून हवा आत यावी लागते, नाहीतर आत निर्वात तयार होतं आणि चार-पाच पानांनंतर प्रिंट फिकट होऊ लागते. लोक सांडू नये म्हणून सगळ्या भोकांवर सेलोटेप घट्ट दाबून लावतात, आणि मग म्हणतात शाई बोगस आहे. मूळ लेबलखाली हवेसाठी बारीक नागमोडी खाच असते, म्हणून शक्य असेल तर तेच लेबल परत चिकटवा. ते फाटलं असेल तर टेप लावा, पण प्रत्येक भोकावर टाचणीनं एक छिद्र पाडा.

कॅननच्या काही कार्ट्रिजचं भोक सुईसाठी अरुंद असतं. ते मोठं करायला विजेवर चालणारं ड्रिल मशीन घेऊ नका. बारीक ड्रिल बिट बोटांत धरून हातानं फिरवा आणि कार्ट्रिज आडवी धरा, म्हणजे प्लॅस्टिकचा भुसा बाहेर पडेल. आत गेलेला भुसा पुढे कुठे अडकेल याचा भरवसा नाही.

रंगांची अदलाबदल

कुठल्या भोकात कुठला रंग हे मॉडेलप्रमाणे बदलतं. व्हिडिओवर विसंबू नका, पांढरी टूथपिक प्रत्येक भोकात घाला आणि टोकाला लागलेला रंग बघा. तीन रंगांना तीन सिरिंज, आणि त्यांवर नाव. पिवळ्यात निळ्याचा एक थेंब गेला तरी पुढची कितीतरी पानं हिरवट येतात. टिश्यूवर तीन पट्टे वेगळे उमटले पाहिजेत. मातकट दिसत असतील तर स्वच्छ येईपर्यंत टेकवत राहा.

‘युनिव्हर्सल’ शाई

वरच्या एचपी आणि कॅनन कार्ट्रिजमध्ये काळी शाई पिगमेंट असते आणि रंगीत शाई डाय. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते कागदावर बसतात, म्हणून अक्षर ठसठशीत दिसतं आणि पाण्यानं सहसा पसरत नाही. डाय द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. काळ्या कार्ट्रिजमध्ये डाय भरला तर अर्जावरचं अक्षर फिसकटतं आणि घामाचा हात लागला की पसरतं. रंगीत कार्ट्रिजमध्ये पिगमेंट भरला तर नोझल बुजते. ‘सगळ्या प्रिंटरला चालते’ असं बाटलीवर लिहिलेली शाई मी घेत नाही.

टाकीवाल्या प्रिंटरलाही हे लागू आहे. एप्सनच्या 003 नंबरच्या शाईत चारही रंग डाय असतात, 001 नंबरची काळी पिगमेंट असते. एप्सनचं हेड शाई तापवून नाही, स्फटिकाच्या हालचालीनं ढकलतं, आणि ते प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. तिथे चूक झाली तर कार्ट्रिज बदलून भागत नाही, म्हणून तिथे जास्त काळजी घ्या.

बाहेरची टाकी उंचावर ठेवणं

कार्ट्रिजला भोक पाडून, रबरी बूच आणि नळी बसवून बाहेरच्या टाकीतून शाई देण्याची जोडणी, म्हणजे सीआयएसएस, अजूनही बरेच जण जुन्या प्रिंटरला करतात. माझा याला विरोध नाही, नीट केली तर ती वर्षानुवर्षं चालते. पण भौतिकशास्त्राला फाटा देऊन चालत नाही.

तालुक्याच्या एका ऑनलाइन फॉर्म सेंटरवाल्यानं टाकी प्रिंटरच्या वरच्या फळीवर ठेवली होती. कारण काय, तर शाई जोरात उतरावी. दिवसभर छपाई छान झाली. रात्री दुकान बंद, प्रिंटर बंद, पण नळीतली शाई सायफननं उतरतच राहिली. सकाळी चारही टाक्या रिकाम्या, शाई टेबलाच्या कडेवरून खाली फरशीवर, आणि मदरबोर्डपर्यंत पोचलेली. जून महिना होता, दाखल्यांसाठी पोरं दारात रांगेत उभी होती.

टाकी त्याच टेबलावर प्रिंटरशेजारी ठेवा. हेड टेबलापासून थोडं उंच असतं, त्यामुळे टाकीतल्या शाईची पातळी नोझलच्या जरा खाली राहते आणि तेच हवं. फार खाली, म्हणजे जमिनीवर ठेवली, तर शाई हेडपर्यंत चढत नाही आणि वर सांगितलेला कोरडा हीटर पुन्हा होतो. छापताना टाकीची हवेची बुचं उघडी, प्रिंटर हलवताना बंद. नळी बसवल्यावर प्रिंटर चालू करण्याआधी हातानं कॅरेज (कार्ट्रिज बसतात तो सरकणारा भाग) या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा. नळी कुठे ताणली किंवा अडकली तर ती तिथेच निखळणार.

उरलेलं थोडक्यात

रेघा आल्या की लागोपाठ हेड क्लीनिंग मारू नका. प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या प्रिंटरमधल्या गादीत, जाते आणि प्रिंटर ती मोजत असतो. मोजणी भरली की कॅनन 5बी00 हा एरर कोड दाखवून थांबतो, एप्सनही पॅडचा इशारा देऊन छपाई बंद करतो. दोनदा करून फरक नसेल तर काही तास थांबा.

बुजलेल्या नोझलला नळाचं पाणी नको, क्षार बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कोमट करा, टिश्यूची घडी भिजवा, नोझल दोन-तीन मिनिटं त्यावर ठेवा. घासू नका.

कार्ट्रिजवरचे सोनेरी-तांबडे कॉन्टॅक्ट (प्रिंटरशी वीजजोडणी करणारे धातूचे ठिपके) बोटानं पुसू नका. धागे न सुटणाऱ्या कापडाचा कोपरा किंचित ओला करून एकदाच पुसा, वाळू द्या, मग बसवा.

एचपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ असेल तर नवी कार्ट्रिज घालण्याआधीच ते बंद करा. चालू राहिलं तर ती कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरला कायमची बांधली जाते, दुसऱ्यात चालत नाही.

आणि प्रिंटर कधीही भिंतीवरच्या बटणानं बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला तरच कॅरेज उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर नीट बसते. भिंतीवरचं बटण मधेच दाबलं तर हेड उघडं राहतं, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात उघडी नोझल सुकायला फार वेळ लागत नाही. सुट्टीत गावी जाणार असाल तर कार्ट्रिज काढून कागदात गुंडाळून ठेवू नका, प्रिंटरमध्येच राहू द्या. घरी असाल तर आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढा. कार्ट्रिज बाहेर ठेवावीच लागली तर नोझलला कार्ट्रिजबरोबर आलेली क्लिप लावा. क्लिप नसेल तर झाकणाच्या डब्यात ओलसर टिश्यू ठेवा आणि नोझल त्याला न टेकेल अशी कार्ट्रिज शेजारी ठेवून झाकण घट्ट लावा.