सोलार लावलं तरी बिलात ग्रिडचे पैसे का, आणि ते रास्त आहेत का हे घरी बसून कसं काढायचं

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, धायरी, कुठेही गच्चीवरून नजर टाका, पॅनलच पॅनल दिसतात, आणि बसवल्यावर पहिल्या बिलाला ठरलेला प्रश्न येतो की सेल्समन तर झिरो बिल म्हणाला होता मग हे साडेतीनशे कशाचे. लगेच लूट लूट म्हणून ओरडायच्या आधी अर्धा तास काढा, लाईट बिल घ्या, इन्व्हर्टरचं अ‍ॅप उघडा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

तीन आकडे लिहून काढायचे: जनरेशन म्हणजे पॅनलने केलेली वीज, इम्पोर्ट म्हणजे तारेवरून घेतलेली, एक्स्पोर्ट म्हणजे तारेवर सोडलेली. जनरेशन अ‍ॅपवर मिळतं, इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट बिलावर. समजा ३ किलोवॅटची सिस्टीम आहे आणि कडक उन्हाच्या महिन्यात तिने ३६० युनिट दिले. त्यातले २२० एक्स्पोर्ट झाले, म्हणजे उरलेले १४० दिवसाच घरात फ्रीज, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीनमध्ये संपले. ऊन नसताना बाहेरून घेतले २५०. म्हणजे घराचा खरा वापर ३९० युनिट, पण बिल लागतं नेटवर, २५० वजा २२०, फक्त ३० युनिटचं.

आता पैसे. हिशोबाला महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर घेतोय, नंतर ते बदललेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. पहिल्या १०० युनिटला प्रत्येकी ४.७१ रुपये, पुढे ३०० पर्यंत १०.२९, त्यापुढे ५०० पर्यंत १४.५५, प्रत्येक युनिटवर वहन आकार (तारेवरून वीज आणून देण्याचे पैसे) १.१७, सिंगल फेजचा महिन्याचा स्थिर आकार १२८, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमीजास्त होणारा आकार, सध्या सोडून देऊ. ३० युनिटचं बिल येतं साधारण ३५३ रुपये. सोलार नसतं तर ३९० युनिटला ५१३० च्या आसपास आलं असतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा म्हणजे डोकं जरा थंड होतं.

स्थिर आकारावर भांडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तार, डीपी, वायरमन हे सगळं तुम्ही एक युनिट घ्या नाहीतर पाचशे घ्या, असणारच आहे, आणि ढगाळ दिवशी तुम्हालाच ते लागतं.

खरी गंमत वहन आकारात आहे. तारेवरून तुमच्याकडे आले २५० युनिट पण वहन आकार भरलात ३० चा, ३५ रुपये. सगळ्या इम्पोर्टवर लावला असता तर २९२ झाले असते. म्हणजे वाद आहे तो महिन्याच्या २५७ रुपयांचा. सोलारवाल्यांनी न भरलेला तारांचा खर्च शेवटी बिनसोलारवाल्यांच्या, म्हणजे गच्ची नसलेल्या भाडेकरूच्या बिलात जातो, हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण दुसरी बाजू बघा ना, तुमचे २२० युनिट दुपारी शेजारच्या बंगल्यात गेले, जेमतेम गल्लीतल्या तारेवरून, आणि शेजाऱ्याने त्यावर पूर्ण १.१७ भरलेत, वरून लांबून वीज आणताना होणारी गळतीही वाचली. तुमच्याकडूनही पूर्ण घ्यायचे तर त्याच युनिटच्या नावाने दोनदा वसुली होते. हो, रात्री आठला तुम्ही परत घेता ती वीज दुपारच्या विजेपेक्षा महाग पडते, हेही प्रामाणिकपणे धरायला हवं. माझ्या हिशोबाने रास्त आकडा शून्य आणि २५७ च्या मध्ये कुठेतरी आहे, तुमचं जनरेशन दिवसाच वापरलं जात असेल तर शून्याजवळ.

यापेक्षा जास्त पैसे दोन ठिकाणी गुपचूप जातात आणि तिकडे कोणी बघत नाही.

एक म्हणजे थ्री फेज. काही इन्स्टॉलर सहज म्हणतात की लोड वाढवून थ्री फेज करून टाकू. त्याच वर्षी थ्री फेजचा स्थिर आकार ४२४ होता, म्हणजे महिन्याला २९६ जास्त, वर्षाला साडेतीन हजार. ३ किलोवॅटला सिंगल फेज पुरतं. मंजूर भार (कनेक्शनला मंजूर झालेले किलोवॅट) मात्र पॅनलच्या क्षमतेपेक्षा कमी नको, तेवढं बघा.

दुसरं ३१ मार्च. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात पण आर्थिक वर्ष संपलं की खातं मोकळं होतं आणि उरलेले युनिट राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात, जो तुम्ही वरच्या स्लॅबला भरता त्याच्या जवळपासही नसतो. एप्रिल-मेचं जास्तीचं पावसाळ्यात वापरता येतं, फेब्रुवारी-मार्चचं येत नाही. म्हणून ७८ हजारांची सबसिडी (केंद्राची पीएम सूर्यघर योजना, ३ किलोवॅट आणि वर तेवढीच) बघून पाच-सहा किलोवॅट ठोकू नका, वर्षाचा वापर भागिले १२ करा, १ किलोवॅट महिन्याला १०० ते १२० युनिट देतं असं धरा, आणि थोडं कमीच बसवा. उरतंयच तर इंडक्शन, गीझर, इस्त्री मार्चमध्ये दुपारी चालवा.

बिलच चुकीचं असेल तर ती वेगळी गोष्ट. एक्स्पोर्ट शून्य दाखवला, मागची शिल्लक पुढे आलीच नाही, हे होतं. रीडिंगच्या दिवशी मीटरच्या डिस्प्लेवरच्या इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकड्यांचे फोटो काढून ठेवायचे, तारीख दिसेल असे. सबडिव्हिजनला लेखी अर्ज, पोच घ्यायचीच, तोंडी "बघतो" वर विसंबायचं नाही. तिथे नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, वीज कायदा २००३ च्या कलम ४२ मधली सोय आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, वकील लागत नाही. त्यापुढे विद्युत लोकपाल.

आणि पुढची लढाई आयोगापुढे आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमांत ग्रिड सपोर्ट चार्जची, म्हणजे सोलारवाल्यांकडून ग्रिड वापरल्याबद्दल घ्यायच्या आकाराची, तरतूद आहे, राज्यात रूफटॉप (गच्चीवरचं) सोलार ५००० मेगावॅट होईपर्यंत तो लावायचा नाही असं ठरलं होतं. ज्या वेगाने पॅनल चढतायत त्यात हा विषय टेबलावर येणारच. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात २०१३ ला पॅनलच्या किलोवॅटमागे महिन्याला ७० सेंट लावले, कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या अर्जांना एक्स्पोर्टचा दरच बराच पाडला. किलोवॅटवर लावणं मला सगळ्यात चुकीचं वाटतं, कारण दिवसा सगळी वीज घरात वापरणारा आणि सगळी तारेवर सोडणारा, दोघांना सारखाच बसतो.

दरवाढीची याचिका आली की पेपरात नोटीस येते, सूचना-हरकती कोणीही पाठवू शकतं. तिथे "अन्याय होतोय" एवढंच लिहून उपयोग नाही. एक पान पुरे: बारा महिन्यांचं जनरेशन, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, भरलेला वहन आकार, आणि खाली मागणी की आकार लावायचाच तर प्रत्यक्ष ग्रिडवर फिरवलेल्या युनिटवर लावा, शेजाऱ्याकडून वसूल झालेला वजा करून, आणि ज्यांनी आधीच बसवलंय त्यांना जुनेच नियम ठेवा. सोबत बिलांच्या प्रती जोडा, ग्राहक क्रमांक टाका, आणि शेवटची तारीख नोटिशीतच असते ती आधी बघा.